अर्धी दाढी

वस्तरेबाईंना पेशंट दोनदा घाबरत. एकदा दारात बाई दिसली म्हणून, आणि मग त्या बाईच्या हातात वस्तरा दिसला म्हणून. त्यानंतर ऑपरेशनला घाबरायला त्यांच्यात फारसा दम उरत नसे.

कागदावर बाईंचं पद होतं ‘केशकर्तनकार, पुरुष विभाग’. ते मुळात त्यांच्या नवऱ्याचं. दवाखान्यात येणाऱ्या पुरुषांची दाढी करायची, ऑपरेशनआधी पोट-छाती साफ करून द्यायची, हे काम त्याने वीस वर्षं केलं आणि एके दिवशी जेवता जेवता गेला. दवाखान्याने बाईंना बोलावून झाडलोटीचं काम देऊ केलं.

“त्यांची जागा रिकामी आहे ना?” बाई म्हणाल्या. “मग तीच द्या.”

“अहो, ते दाढीचं काम आहे.”

“मग? दाढी मला करायची आहे, उगवायची नाहीये.”

समोरच्या साहेबाला यावर नियम सापडेना. नियमात ‘पुरुष विभाग’ होतं, ‘पुरुष’ असं कुठेच नव्हतं. जागा मिळाली.

शिकल्या त्या फुग्यांवर. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस फासायचा, आणि फुगा न फोडता फेस वस्तऱ्याने उतरवायचा. पहिल्या आठवड्यात इतके फुगे फुटले की वाढदिवस कुणाचा आहे हे विचारायला शेजारीण येऊन गेली. सासूबाई कोपऱ्यात बसून प्रत्येक आवाजाला दचकत आणि म्हणत, “परक्या पुरुषांच्या गालाला हात लावणार म्हणे!”

“तुमच्या मुलाच्या गालाला पहिल्यांदा लावला, तेव्हा तोही परकाच होता.”

सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच एक फुगा फुगवला, गाठ मारली आणि सुनेपुढे धरला. “हा घे. आणि हळू.”

दाढी उजवा हात करतो असा लोकांचा समज आहे. बाईंच्या मते दाढी डावा हात करतो. अंगठा आणि दोन बोटं पुढे जाऊन कातडी ताणतात, चाचपतात, कुठे खड्डा आहे, कुठे पुटकुळी आहे ते बघून ठेवतात. वस्तरा आपला साहेबामागून शिपाई चालावा तसा मागून येतो. त्यामुळे बाईंच्या डाव्या हाताच्या तीन बोटांना त्या दवाखान्यातल्या पुरुषांबद्दल जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांच्या बायकांनाही नसेल.

त्या बोटांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. ती शिकवली एका म्हाताऱ्या सर्जननी, जे आता निवृत्त होऊन गुलाबांना खत घालतात. एकदा पायाडावरून पडलेला गवंडी आला होता, बरगड्या मोडलेला. बाई त्याची छाती साफ करत होत्या आणि बोटांखाली कातडी कुरकुरली. बाईंनी हात झटकन मागे घेतला. सर्जननी तो धरून परत तिथेच ठेवला.

“काय लागतंय?”

“साबणाचा फेस दाबल्यासारखं. पण कातडीच्या आतून.”

“हवा आहे ती. कातडीखाली हवा फिरायला येत नाही, बाई. ती बोटाला लागली की समजायचं, आत कुठेतरी भोक पडलंय. फुफ्फुसाला असेल, अन्ननलिकेला असेल, आतड्याला असेल. ते शोधणं आमचं काम.”

बाईंनी ते लक्षात ठेवलं. फुग्यांवर शिकलेल्या बाईला हवा आणि भोक यांचं नातं वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

आता एवढ्या जाणत्या बोटांच्या बाईंचा दवाखान्यात मान असेल, असं तुम्हाला वाटलं असेल. नव्हता. कारण गोळीचं प्रकरण.

झालं असं, की मागच्या वर्षी ऑपरेशनआधी एका पेशंटची दाढी करताना त्याच्या गालात बाईंना टणक गाठ लागली. बाई ओरडल्या, “गाठ आहे!” दोन डॉक्टर धावत आले. पेशंटला तोंड उघडायला लावलं, तर आत पेपरमिंटची गोळी. सकाळपासून उपाशी राहायला सांगितलेला तो गृहस्थ चोरून गोळी चघळत होता. वॉर्डभर हसू पिकलं. ऑपरेशन दोन तास पुढे ढकललं. बाईंचं म्हणणं सरळ होतं: “मी नसते तर तोंडात गोळी ठेवून भूल दिली असतीत. ती श्वासात अडकली असती, म्हणजे?” पण हसणाऱ्या माणसाला हिशेब पटत नाही. शिक्षा गोळी खाणाऱ्याला झाली नाही, शोधणाऱ्याला झाली. मोठ्या सिस्टरनी, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख बाईंनी, पत्र दिलं: ‘उपचारांबाबत आपण कोणतेही मत व्यक्त करू नये. पुन्हा असे घडल्यास...’

पत्र तिथेच संपलं होतं. बाईंना त्यातले ते तीन ठिपके सगळ्यात जास्त लागले.

तर त्या दिवशी सकाळी बाई आपली पेटी घेऊन सहा नंबरच्या खाटेपाशी गेल्या. खाटेवर मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बँडमधले. तीस वर्षं ट्रम्पेट फुंकणारे. मिशी अशी, की गॅलरीत कपडे वाळत घालायला जायचं तरी आधी तिला कंगवा फिरवणार. आठवड्यापूर्वी ते हळदीसारखे पिवळे होऊन आले होते. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. काल दुर्बीणवाल्या मोठ्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण आत घातली, पार आतड्यात नेली, पित्तनळीचं तोंड जिथे आतड्यात उघडतं तिथे बारीक छेद दिला आणि खडा जाळीत धरून ओढून काढला. पोटावर टाका नाही, ओरखडा नाही. आज घरी जायचं होतं. उद्या संध्याकाळी नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं आणि पहिला सूर मास्तरांचा होता.

“पिवळा आलो, बाई,” मास्तर म्हणाले, “जाताना निदान गुळगुळीत जातो. मिशीला हात लावायचा नाही.”

“तुमच्या मिशीला हात लावायचा तर वरून परवानगी लागेल.”

मास्तरांची बायको पिशवी भरत होती. ती म्हणाली, “कालपासून पाठ धरून बसलेत. म्हणतात गॅस आहे.”

“गॅसच आहे,” मास्तर म्हणाले. “डॉक्टरांनीच सांगितलं. दुर्बिणीतून हवा सोडतात आत. ती निघायला वेळ लागतो.”

“आणि आवाज बघा कसा झालाय! लाडात आल्यासारखं नाकातून बोलतात. तीस वर्षांत माझ्याशी कधी एवढं लाडात बोलले नाहीत.”

बाईंनी फेस केला. उजवा गाल झाला, हनुवटी झाली. मग डाव्या कानाखाली मानेवर तीन बोटं ठेवून त्यांनी कातडी ताणली.

कुरकुर.

बाईंनी बोटं उचलली. फेस पुसला. जरा खाली, गळ्याखालच्या हाडावर दाबलं. परत तेच. साबणाचा फेस दाबल्यासारखं, कातडीच्या आतून.

वस्तरा हवेत धरूनच त्यांनी हाक मारली. “डॉक्टर, जरा येता?”

छोटे डॉक्टर शेजारच्या खाटेपाशी डिस्चार्जचे कागद भरत होते. पोरगेलासा मुलगा, डोळ्यांखाली काळं, खिशात चार पेनं आणि चारही गळकी. “काय झालं मावशी?”

“मावशी म्हणू नका, तुमच्या आईची बहीण मी कधी झाले? यांच्या मानेला हात लावून बघा. कुरकुरतेय.”

“ट्रम्पेट वाजवतात ते. तीस वर्षं गाल आणि मान फुगवल्यावर मान अशीच होणार.”

“मान जाड असणं वेगळं आणि वाजणं वेगळं. आणि पाठ दुखतेय त्यांची.”

“रक्त तपासलंय. स्वादुपिंड एकदम व्यवस्थित आहे. ताप नाही, पोट मऊ आहे. माझ्याकडे अजून नऊ डिस्चार्ज आहेत.”

छोटे डॉक्टर काही कामचुकार नव्हते. या दुर्बिणीच्या कामानंतर सगळ्यात जास्त वेळा जे बिघडतं ते स्वादुपिंड. ते सुजतं, आणि सुजलं की जीव नकोसा करतं. म्हणून त्यांनी नेमकं तेच तपासलं होतं आणि ते ठीक निघालं होतं. घरात साप शिरल्याचा संशय होता, साप सापडला नाही. तेव्हा सगळ्यांनी खुशाल बुटात पाय घातले. विंचवाचं कुणी विचारलंच नाही.

आवाज ऐकून मोठ्या सिस्टर आल्या. “बाई, पत्र आठवतंय ना?”

“आठवतंय. ठिपक्यांसकट.”

“मग मत व्यक्त करू नका.”

बाईंनी क्षणभर मास्तरांकडे बघितलं. उजवा गाल आरशासारखा, डावीकडे फेसाचा ढग. मग त्यांनी वस्तरा पुसला, मिटला आणि खिशात टाकला.

“नाही करत मत व्यक्त. दाढी करत नाही, एवढंच.”

“अहो, आणि ही डावी बाजू?” मास्तर ताडकन उठून बसले आणि पाठीला हात लावून कळवळले.

“ती मोठे डॉक्टर मानेला हात लावून गेल्यावर.”

“मी असा घरी जाऊ? असा?”

“जा की. कुणी अडवलंय? एका बाजूने ओळखतील लोक.”

मास्तरांच्या बायकोला हसू आवरेना, आणि हसता हसता ती नवऱ्याकडे बघून गप्प झाली. त्याच्या कपाळावर घाम होता. वॉर्डात घाम येण्यासारखं काही नव्हतं.

“दुसरा वस्तरा आणा कुणीतरी,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. पण वॉर्डात वस्तरा बाईंचा एकच, ब्लेड आणायला बाहेरच्यांना बंदी होती, आणि तो नियम खुद्द सिस्टरनीच आपल्या सुवाच्य अक्षरात दारावर चिकटवला होता. त्यांची नजर दाराकडे गेली आणि परत आली. “बाई, ही नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ दे. नवऱ्याची होती. तो न सांगता गेला, ही निदान पत्र देऊन जाईल.”

“मोठे डॉक्टर दुपारपर्यंत दुर्बिणीच्या खोलीत आहेत. एका दाढीसाठी त्यांना बोलवू?”

“दाढीसाठी नका बोलावू. मानेसाठी बोलवा.”

आता मास्तरच भडकले. नाकातल्या त्या लाडिक आवाजात भडकलेला माणूस ऐकायला विनोदी वाटतो, पण कुणी हसलं नाही. “बाई, उद्या पहिला सूर माझा आहे! पंचवीस माणसं माझ्या तोंडाकडे बघून सुरू करतात. तुमच्या हट्टापायी मी इथे बसू?”

बाई खाटेच्या कडेला टेकल्या. “मास्तर, तुमच्या ट्रम्पेटच्या नळीला केसाएवढी चीर गेली, तर तुम्हाला डोळ्यांनी दिसते का?”

“नाही दिसत.”

“मग कळतं कसं?”

“कळतं म्हणजे? सूर फाटतो. हवा भलतीकडून निघते.”

“हं.” बाईंनी मास्तरांचं स्वतःचं बोट धरलं आणि त्यांच्याच गळ्याखालच्या हाडावर दाबलं. “आता ऐका. कानाने नको, बोटाने.”

मास्तरांनी दाबलं. सोडलं. परत दाबलं. मग जरा वर, कानाखाली. तीस वर्षं हवेशी व्यवहार केलेला माणूस तो. हवा कुठे असावी आणि कुठे नसावी हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा उतरत गेला, आधी गुळगुळीत बाजूने.

“ही माझी हवा आहे?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुमचीच. भलतीकडून निघालीये.”

मास्तर आडवे झाले, फेसासकट. बायकोला म्हणाले, “पिशवी खाली ठेव.” आणि छोट्या डॉक्टरांना म्हणाले, “मी जात नाही. कागद फाडा, नाहीतर मी फाडतो.”

छोटे डॉक्टर पुढे आले. त्यांनी चौथं पेन खिशात टाकलं आणि पहिल्यांदाच मास्तरांच्या मानेला हात लावला. पुस्तकात वाचलेली गोष्ट पहिल्यांदा बोटाला लागते तेव्हा माणसाचा चेहरा कसा होतो, ते वस्तरेबाईंनी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी टोमणा मारला नाही. तोंडापर्यंत आला होता, पण गिळला. छोटे डॉक्टर पळतच दुर्बिणीच्या खोलीकडे गेले.

मोठे डॉक्टर हातमोजे काढत आले. दोन बोटांनी मान दाबली आणि एवढंच म्हणाले, “स्कॅन. आत्ता. तोंडाने पाण्याचा थेंबही नको. सर्जनना सांगून ठेवा.”

तासाभराने ते परतले आणि स्टूल ओढून मास्तरांच्या बायकोसमोर बसले. बाई पेटीपाशी उभ्या होत्या. त्यांना कुणी जा म्हटलं नाही.

“पित्तनळीच्या तोंडाशी मी छेद दिला होता,” डॉक्टर म्हणाले, “तो आतड्याच्या मागच्या भिंतीतून जरा पार गेला. बारीक भोक आहे. माझ्या हातून पडलंय. हवा तिथून पोटामागे गेली आणि वर चढत मानेपर्यंत आली, घशामागेही साठली, म्हणून आवाज नाकातून येतोय. भोक मागच्या बाजूला आहे म्हणून पोट मऊ राहिलं, म्हणून फसलो. शंभरात एखाद्यालाच होतं हे. पण ज्याला होतं, त्याच्यासाठी तो शंभरातला एक नसतो, तो सगळाच असतो.”

“आणि घरी गेले असते तर?” बायकोने विचारलं.

“जेवले असते. पित्त आणि अन्न त्या भोकातून मागे झिरपलं असतं. दोन दिवसांनी अंगभर जंतुसंसर्ग घेऊन परत आले असते.” ते थांबले. “आले असते तर.”

“आता?”

“आता परत दुर्बीण घालतो. पित्तनळीत आवरण असलेली जाळीची नळी बसवतो, म्हणजे भोक झाकलं जाईल आणि पित्त आपल्या वाटेने जाईल. या वेळी साध्या हवेऐवजी शरीरात लवकर शोषला जाणारा वायू वापरतो. नाकातून नळी, सलाईनमधून औषध, तोंड बंद. एवढ्याने भरून येतं बहुतेकदा. नाही आलं, तर सर्जन पोट उघडतील. खोटी आशा देत नाही, पण हातही वर करत नाही.”

मास्तर कुशीवरून म्हणाले, “डॉक्टर, माझी दाढी?”

“नंतर,” डॉक्टर आणि बाई एकदमच म्हणाले.

पुढचे दिवस काही गोष्टीतल्यासारखे सरळ गेले नाहीत. जाळी बसली. मानेतली हवा दोन दिवसांत विरली. पण चौथ्या दिवशी मास्तरांना हुडहुडी भरून ताप आला. पोटामागे पू साठला होता. स्कॅनमध्ये बघत बघत पाठीतून बारीक नळी घालून तो बाहेर काढावा लागला. सर्जन रोज येऊन पोट दाबून जात, खरेदीला आलेला माणूस कलिंगड वाजवून बघतो तसं. मास्तरांनी त्यांना खुणेनेच सांगितलं, की हे विकाऊ नाही.

त्या सगळ्यात अर्धी दाढी तशीच राहिली. नाकातली नळी गालाला चिकटवायची, तर केसाळ बाजूला चिकटपट्टी धरेना. म्हणून ती गुळगुळीत गालावर गेली. पट्टी लावणाऱ्या नर्सने दुसरी बाजूही साफ करूया म्हटलं. एका हातात सलाईन, नाकात नळी, पाठीत नळी, आणि तरी मास्तरांनी मोकळ्या हाताने ‘खबरदार’ अशी खूण केली. ती बाजू कुणाच्या नावाची होती ते त्यांनी ठरवलं होतं. सभागृहाचं उद्घाटन दुसऱ्याच कुणाच्या तरी सुराने झालं. ते बेसूर झालं अशी बातमी बँडमधल्यांनी आणली. खरी की मास्तरांना बरं वाटावं म्हणून, कोण जाणे. मास्तरांना बरं वाटलं एवढं खरं.

सोळाव्या दिवशी पाठीतली नळी निघाली. मास्तर भात खाऊन वरण मागायला लागले. अठराव्या दिवशी परत डिस्चार्ज निघाला आणि बाई पेटी घेऊन आल्या.

“कुठल्या बाजूने सुरू करू?”

“जिथे सोडली होतीत तिथून.”

बाईंनी डाव्या कानाखाली तीन बोटं ठेवली. ताणली. जरा जास्तच वेळ ठेवली. मास्तरांनी श्वास धरला होता.

“काय लागतंय?”

“मान,” बाई म्हणाल्या. “नुसती मान. आणि तीही धुतलेली नाही.”

जाळी काढायला महिनाभराने यायचं होतं. तारीख बायकोने पिशवीच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून घेतली, कारण कागद हरवतो आणि पिशवी हरवत नाही. तोवर ट्रम्पेट बंद.

“मग मी करू काय?” मास्तर हताश झाले.

“ऐका. तीस वर्षं दुसऱ्यांना ऐकायला लावलंत,” बायको म्हणाली. आवाज त्यांचा परत भरदार झाला होता आणि ती जरा हिरमुसल्यासारखी वाटली.

दुसरं पत्र बाईंना आदल्याच दिवशी मिळालं होतं. ‘नेमून दिलेले काम अर्धवट सोडले. डिस्चार्जमध्ये अडथळा आणला. वरिष्ठांशी उद्धटपणे बोलल्या. लेखी खुलासा करावा.’ भोकाचा उल्लेख कुठेच नव्हता. कागदाच्या दुनियेत भोक पडलं नव्हतं, फक्त दाढी राहिली होती.

छोटे डॉक्टर त्यांना जिन्यात गाठून म्हणाले, “बाई, खुलासा मी लिहून देऊ का? मीच हात लावला नव्हता. मोठे डॉक्टरही सही करतो म्हणालेत.” ‘मावशी’ तेव्हापासून बंद झालं होतं.

“तुमचा खुलासा तुम्ही लिहा, तो वेगळा. माझा मी लिहिते. आणि डॉक्टर, पेन बदला, सदरा निळा झालाय.”

घरी बसून त्यांनी लिहिला. सासूबाईंनी चष्मा लावून वाचला. “जरा नमतं घे की गं. ‘क्षमस्व’ तरी घाल.”

“का? दाढीची क्षमा मागू, की मानेची?”

सासूबाईंनी थोडा विचार केला आणि कागद परत दिला. “राहू दे. पण अक्षर सुधार. उद्धट माणसाचं अक्षर चांगलं पाहिजे.”

बाईंनी तो परत, नीट अक्षरात उतरवला. दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरच्या टेबलावर ठेवला आणि पेटी उचलून वॉर्डात कामाला गेल्या. खुलासा असा होता:

‘काम अर्धवट सोडले हे खरे आहे. चुकून नाही, मुद्दाम सोडले. पेशंटची मान बोटाला कुरकुरली, ती कुणी पाहीना, म्हणून सोडले. अठराव्या दिवशी पूर्ण केले आहे, पेशंटची तक्रार नाही. उपचारांबाबत मत व्यक्त केलेले नाही, फक्त वस्तरा मिटला. मिटण्याबाबत नियम नाही. पुन्हा तसेच लागल्यास...’

शेवटचे तीन ठिपके त्यांनी पेन दाबून, ठळक काढले होते.